थोरोंग ला: चढाचं सगळे सांगतात, उताराचं कोणी बोलत नाही

आधी निकाल सांगतो. नेपाळच्या अन्नपूर्णा सर्किट ट्रेकमधली थोरोंग ला ही खिंड (५४१६ मीटर) चढणं अवघड नाही, नुसतं कंटाळवाणं आहे. अवघड आहे पलीकडे मुक्तिनाथला उतरणं, आणि आमच्या म्होरक्यासकट एकानेही ते आधी सांगितलं नव्हतं. "खिंड झाली की झालं, पुढे काय, उतारच!" हे वाक्य परत कोणी ऐकवलं तर त्याला माझ्या पायांची नखं दाखवीन. दोन अजून काळी आहेत.

ट्रेकची सुरुवात, बेसिसहर ते मनांग, सुंदर आहे, बराच भाग जीपने होतो, फोटो सगळीकडे आहेत. मनांगला (सुमारे ३५०० मीटर) मात्र दोन रात्री काढाच. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. मोसमात दुपारी उंचीच्या त्रासाबद्दल नीट समजावून सांगतात. आमच्यातल्या दोघांनी त्या वेळात ताणून दिली आणि पुढच्या मुक्कामाला, याक खर्काला, डोकं धरून बसले तेही तेच दोघे.

खिंडीच्या आदल्या रात्री पायथ्याच्या फेदीला झोपायचं की त्याच्या वरच्या हाय कॅम्पला, हा वाद सगळ्या ग्रुपांत होतो. माझं मत फेदी. हाय कॅम्प ४८०० मीटरच्या वर आहे, तिथे झोप लागत नाही. आम्ही सात जण रात्रभर एकमेकांच्या कुशी बदलण्याचे आवाज ऐकत होतो. पहाटे चारशे मीटर जास्त चढावं लागलं तरी चालेल.

आता घोड्याचं. पहाटे चारला निघालो आणि तासाभरात आमच्यातल्या काकांचे पाय संपले. घोडेवाला जणू वाट बघतच होता. बारा हजार म्हणाला, आम्ही हो म्हटलं. वर पोचल्यावर म्हणतो, बारा हजार आयसी. म्हणजे भारतीय! शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर ठरलेला आहे. साडेसात हजारांचं काम बारा हजारांना पडलं. खिंडीतल्या वाऱ्यात भांडायला श्वास कोणाकडे असतो? तेव्हा आकडा ऐकला की पहिला प्रश्न: नेपाळी की आयसी? आणि काकांचे नुसते पायच गेले होते म्हणून ठीक. डोकं ठणकत असेल, उलटी झाली असेल तर घोड्यावर बसून वर जायचं नाही, मुकाट्याने खाली फिरायचं.

खिंडीत पताका, पाटी, चहाची खोपटी. पंधरा मिनिटं. नऊ-दहानंतर वारा उभं राहू देत नाही.

मग तिथला एक दाजू (नेपाळीत दादा) हसत म्हणाला, "अब ओरालो मात्र." आता फक्त उतार. ते 'फक्त' म्हणजे सुमारे १६०० मीटर. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची पूर्ण उंची एका दमात उतरायची, तीही पहाटेपासून चालून थकलेल्या गुडघ्यांवर. सुरुवातीला सावलीतला कडक बर्फ, पायाखाली काचेसारखा. तो संपला की भुरभुरीत खडी: पाऊल टाकलं की वीतभर घसरतं आणि बुटात बोटं पुढे जाऊन आदळतात. दर पावलाला. समोर धौलागिरी होता म्हणे. मी पुढच्याच्या टाचा बघत होतो. चाराबूच्या हॉटेलांपर्यंत पोचायला आम्हाला साडेतीन तास लागले, आणि तिथून मुक्तिनाथ अजून दीड तास.

म्हणून सांगतो: एक नाही, दोन काठ्या. उताराआधी बुटाची नाडी घोट्याशी करकचून बांधा, आदल्या दिवशी नखं कापा. मायक्रोस्पाइक (बर्फासाठी बुटावर चढवायचे खिळे) सॅकच्या तळाशी ठेवू नका, आमचे तिथेच होते. गुडघ्याचा पट्टा दुखायच्या आधी चढवा. आणि हवा बिघडली तर पलीकडे उतरून जाऊ असा हिशोब करू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाचा तडाखा इथवर आला, चाळीसहून जास्त माणसं गेली, आणि त्यातले बरेच जण खिंडीत आणि ह्याच उतारावर अडकले होते.

मुक्तिनाथला १०८ धारांखाली आंघोळ करायची ठरली होती. कोणी विषयही काढला नाही. देवळापासून खालच्या राणीपौवा गावाकडे पायऱ्या आहेत, त्या मी कठडा धरून पाठमोरा उतरलो. निम्म्यावर एक मराठी आजी धापा टाकत थांबल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, वर अजून फार चढ आहे का?"

"चढाचं काही नाही हो आजी," मी म्हटलं.