लोटलीच्या घरातल्या मेणबत्त्या

फोंडा, शुक्रवार, १९ डिसेंबर २०२५

आज गोवा मुक्तिदिनाची सुट्टी होती. सकाळी झेंडावंदन आटोपून घरी आलो आणि दुपारी ‘त्रिकाल’ पुन्हा पाहिला. येत्या मंगळवारी त्याचे दिग्दर्शक श्याम बेनेगल यांना जाऊन एक वर्ष होईल, हे मनात होतेच; पण ज्या १९६१ सालाबद्दल आम्ही दरवर्षी भाषणे ऐकतो, ते साल या चित्रपटात वेगळ्याच दाराने आत येते, म्हणून तो या दिवशी पाहावासा वाटतो.

चित्रीकरण गोव्यातल्याच लोटलीला, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या घरात झाले. पोर्तुगीज राजवट शेवटच्या घटका मोजते आहे, घरातला कर्ता पुरुष वारला आहे, आणि त्याची विधवा दोना मारिया त्याच्या आत्म्याला बोलावू पाहते. नवरा काही येत नाही. येतो तो कुष्टोबा राणे, एकोणिसाव्या शतकात पोर्तुगिजांविरुद्ध उठलेला. माझी आजी राण्यांच्या सत्तरी तालुक्यातली. कुष्टोबाचे नाव ती घरातल्या माणसाचे घ्यावे तसे घेत असे, त्यामुळे त्या किरिस्तांव (ख्रिस्ती) वाड्याच्या दिवाणखान्यात राणे उभा राहिला की माझ्या अंगावर आजही काटा येतो. अशोक मेहता यांच्या कॅमेऱ्याने दोना मारिया झालेल्या लीला नायडूंचा चेहरा मेणबत्त्यांच्या उजेडात असा धरला आहे की अर्धा गाल दिसतो आणि उरलेला अंधाराने गिळलेला असतो. या चित्रपटासाठी बेनेगलांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मिळाला नसता, तरी आम्हा गोवेकरांचे मत बदलले नसते.

बेनेगल तसे गोव्याचे नव्हेत. १४ डिसेंबर १९३४ चा जन्म सिकंदराबादजवळचा, वडील छायाचित्रकार; घराणे मात्र कोंकणी बोलणाऱ्या सारस्वतांचे. जाहिरातींच्या धंद्यात कितीतरी वर्षे घालवून १९७४ साली ‘अंकुर’ आला, तेव्हा चाळिशी जवळ आली होती. मला वाटते, त्या जाहिरातींनीच त्यांना दुसऱ्याच्या पैशातून स्वतःचे काम करून घेण्याची विद्या शिकवली. ‘मंथन’साठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले, ‘यात्रा’ ही मालिका रेल्वेसाठी झाली, ‘भारत एक खोज’चे ५३ भाग दूरदर्शनसाठी. काम सांगून करून घेतलेले, पण त्यात ताबेदारीचा वास नाही. (शेवटचा, बांगलादेशच्या शेख मुजीबांवरचा चित्रपट याला अपवाद, तिथे मात्र तो वास मला आला.) अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरून केलेल्या ‘भूमिका’विषयी लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

टेलिव्हिजनवरच्या कामाला मात्र लोक अजून दुय्यम समजतात. आमच्या घरी तसे नव्हते. ‘भारत एक खोज’ लागायचे ते १९८८-८९ मधले रविवार मला स्पष्ट आठवतात. बाबा देवळातली पूजा आटोपून ओल्या पंच्यानेच यायचे, सोवळ्यातला माणूस खुर्चीवर कसा बसणार, म्हणून राजांगणाच्या (घरातल्या चौकाच्या) खांबाला न टेकता उभे राहायचे. वनराज भाटियांच्या संगीतात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे शब्द सुरू झाले की त्यांचा उजवा हात उदात्त-अनुदात्त या वैदिक स्वरांबरोबर आपोआप वर-खाली होऊ लागे, आणि चाल वैदिक स्वर सोडून आपल्या वाटेने निघाली की तो मध्येच थबके. “हे गाणे झाले, सूक्त नव्हे,” असे ते पुटपुटत. मग वसंत देव यांचा हिंदी अनुवाद येई, आणि तो ऐकताना ते गप्प होत. शिवाजी महाराजांच्या भागाच्या वेळी तर आईने नारळ खवणे थांबवून आडोळी (खवणी) बाजूला सारली होती. नसीरुद्दीन शाह महाराजांच्या भूमिकेत, ओम पुरी औरंगजेब. जेवायला दीड वाजला, आणि बाबांचे पंचे अंगावरच वाळून गेले होते.