हे तर मघाशीच विचारलंत

मेडिकल प्रवेशाच्या मुलाखतीत तिसरा उमेदवार आत येऊन बसला, मी प्रश्न वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते आधीच्या मुलीच्याही चेहऱ्यावर दिसलं होतं. भीती नव्हे. एका घरचे पोहे खाऊन दुसऱ्या घरी गेल्यावर पुन्हा पोह्यांचीच बशी पुढे आली की माणूस जसा बघतो, तसं.

प्रश्न होता, "मनासारखं न घडलेल्या एखाद्या प्रसंगाबद्दल सांगा. तुम्ही काय केलंत?" शेजारच्या खोलीत 'टीमवर्क'च्या नावाखाली जवळपास हाच प्रश्न चालू होता, हे कॉफीच्या सुट्टीत कळलं. आदल्या संध्याकाळी एका खोलीच्या प्रश्नाचा कागद ऐनवेळी बदलला गेला होता आणि तो बाकीच्या कागदांशेजारी ठेवून वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती.

मी इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे आणि हिवाळ्यात एका मेडिकल स्कूलच्या प्रवेश-मुलाखतींना परीक्षक म्हणून बसतो. आपल्याकडे नीटच्या गुणांवर भागतं. पुण्याच्या एएफएमसीसारखा अपवाद सोडला तर एमबीबीएससाठी मुलाखत कुणाला ठाऊक नसते. इथे यूकॅट नावाची परीक्षा, १५ ऑक्टोबरच्या आत अर्ज, मेडिसिनसाठी जास्तीत जास्त चार कॉलेजं आणि मग मुलाखत. ऑक्सफर्ड-केंब्रिज अजून पॅनेलसमोर बसवतात, पण बहुतेक ठिकाणी एमएमआय असते, म्हणजे छोट्या छोट्या मुलाखतींची साखळी. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाची. तिच्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००४ साली आला. एका परीक्षकाच्या आवडीनिवडीवर मुलाचं नशीब ठरू नये, म्हणून खोल्या वेगळ्या, परीक्षक वेगळे. आधीच्या खोलीत काय झालं ते पुढच्या खोलीला ठाऊक नसतं.

आमच्याकडे घंटा वाजली की सात मिनिटं. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. समजला नाही तर पुन्हा वाचायचा, त्याच शब्दांत. वर "आणखी काही?" एवढं विचारायची मुभा. 'छान' म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही, आणि मान न डोलवता कुणाचं ऐकून घेणं आपल्या माणसाला किती जड जातं ते विचारू नका. या "आणखी काही?"चा मला मनापासून राग आहे. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण सतरा वर्षांच्या पोराला ते "चुकलास" असंच ऐकू येतं. दारू पिऊन कामावर आलेल्या सहकाऱ्याचं काय कराल, या हमखास प्रश्नावर चांगली बोलणारी मुलं या दोन शब्दांनी कोलमडतात. "आधी पेशंट सुरक्षित करीन, मग वरिष्ठांना सांगीन" असं नीट सांगितलेलं असतं, तेही मागे घेतात. कोचिंगवाले यांना नीतिशास्त्राची चार तत्त्वं घोकून घेतात. तोच प्रश्न परत आला तर आपल्या उत्तरावर ठाम राहायला काय हरकत आहे, हे कुणी सांगत नाही.

सर्किट, म्हणजे उमेदवारांची सगळ्या खोल्यांमधली फेरी, एकदा सुरू झालं की प्रश्न बदलता येत नाही, कारण निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरा देता येणार नाही. तेव्हा आम्ही तसंच पुढे रेटलं.

एकाने "मघाशी सांगितलं तसं..." म्हणत अर्धा प्रसंग गाळूनच टाकला. मघाशी म्हणजे शेजारच्या खोलीत. आम्ही त्यातलं काहीच ऐकलेलं नव्हतं, आणि न ऐकलेल्याला गुण देता येत नाहीत. दुसऱ्या एकीला वाटलं, पुन्हा विचारलं म्हणजे आधीचं पसंत पडलं नाही. तिने जागच्या जागी नवा प्रसंग रचला, आणि तो रचलेला आहे हे आम्हालाच काय, तिलाही कळत होतं.

मग एक मुलगी आली. प्रश्न ऐकून क्षणभर थांबली. म्हणाली, "असाच प्रश्न मला आत्ताच विचारला होता. तिथे मी शाळेच्या वाद्यवृंदाचं सांगितलं. तुम्ही ते ऐकलं नाहीये, म्हणून तेच सांगू शकते. पण दुसरं एक आहे, जे तिथे सांगायचं टाळलं." आणि तिने ते दुसरं सांगितलं.

शनिवारी ती केमिस्टच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. इथे साधी वेदनाशामक गोळी मागितली तरी काउंटरवर ठरलेले प्रश्न विचारतात: औषध कुणासाठी, त्रास काय, किती दिवस, आतापर्यंत काय केलं, आणखी कोणती औषधं चालू आहेत. एक आजोबा गुडघ्यासाठी नेहमी आयबुप्रोफेन न्यायचे आणि प्रश्न आले की वैतागायचे. उत्तरं दर वेळी तीच. शेवटी हिने विचारणंच सोडलं. एका शनिवारी ही जेवायला गेली असताना फार्मासिस्ट काउंटरवर होता. त्याने विचारलं, तर मधल्या काळात आजोबांना वॉरफरिन सुरू झालेलं. रक्त पातळ करणाऱ्या त्या औषधावर आयबुप्रोफेन म्हणजे पोटात रक्तस्रावाला आमंत्रण.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी विचारत नव्हते, हे फार्मासिस्टला सांगितलं. आता विचारताना आधीच म्हणते, मागच्या वेळीही विचारलं होतं हे मला माहीत आहे, पण मधे काही बदललंय का?"

माझं पोटापाण्याचं काम याच वाक्यावर चालतं. वॉर्डातली नर्स, सर्जन, थिएटरच्या दारातली मदतनीस, आणि मग मी: नाव काय, जन्मतारीख काय, कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, कशाची ॲलर्जी, दात हलतोय का, शेवटचं कधी खाल्लं. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आली, तेव्हापासून यातलं बरंचसं भूल देण्याआधी पुन्हा मोठ्याने विचारावं लागतं. हातापायाची नस बधिर करायची तर सुई टोचण्याच्या क्षणी थांबून त्वचेवरची खूण आणि संमतीपत्रावरची बाजू परत ताडून बघायची. लोक चिडतात, "तुम्ही एकमेकांशी बोलत नाही का?" बोलतो. पण वॉर्डात "ॲलर्जी नाही" म्हणणाऱ्या बाईंना माझ्या टेबलावर आठवतं, की लहानपणी पेनिसिलिनने अंगभर पुरळ उठलं होतं. चारदा विचारलं म्हणून तर आठवलं.

मी जवळपास पूर्ण गुण दिले. माझ्याबरोबर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, डॉक्टर नसलेल्या परीक्षक म्हणून. त्यांनी निम्मेच दिले. गुण आपापले लिहायचे असतात. फरक मोठा पडला तर दोघांनी कारण लिहायचं, त्यासाठी कागदावर बोटभर चौकट. बाईंनी लिहिलं, "नियम माहीत असून पाळला नाही." मी लिहिलं, "पुन्हा विचारण्याचं मोल जाणते." कार्यालयाने दुहेरी प्रश्नाबद्दल कळवलं की परिस्थिती सर्वांना समान होती. ती समान नव्हती. जो उमेदवार आमच्या खोलीपासून सुरू झाला, त्याला आमच्याकडे हा प्रश्न कोराच मिळाला. पण तक्ता जुळला की कार्यालयाचं समाधान होतं.

माझा खरा घोळ वेगळाच आहे. मी गुण त्या मुलीला दिले की माझ्या धंद्याला, हे अजून नक्की सांगता येत नाही. वाद्यवृंदाचीच गोष्ट तिने तेवढ्याच नेटाने सांगितली असती, तर माझा आकडा तोच पडला असता का? आणि बाई सहज हटणाऱ्यातल्या नाहीत. गाडीकडे जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या शनिवारी ती जेवायला गेलीच नसती तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.