हृदयाच्या पंपात सगळं भांडण फटीचं

पंपाचं डिझाइन म्हटलं की इंजिनिअर आधी कार्यक्षमता बघतो. हृदयाच्या कमजोर डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याला, मदत करणाऱ्या पंपात, म्हणजे एलव्हॅडमध्ये, ही सवय बाजूला ठेवावी लागते. मिनिटाला ५ लिटर रक्त १०० मिमी पाऱ्याच्या दाबाविरुद्ध ढकलायचं तर हिशेबाने जेमतेम १.१ वॅट पुरतात. प्रत्यक्षात चांगला पंपही ४-५ वॅट खातो. पाण्याच्या पंपाला हे कोणी खपवून घेणार नाही. इथे मात्र त्या जादा विजेतली बरीचशी रक्त शाबूत ठेवण्यासाठी मोजलेली असते, आणि ती किती मोजायची हे मुख्यतः एका मापावर ठरतं: फिरता रोटर आणि स्थिर कवच यांच्यामधली फट.

आकडे घालून बघू. ३४ मिमी व्यासाचा रोटर मिनिटाला २८०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ५ मीटर. रोटर रक्ताच्याच पातळ थरावर तरंगवायचा, म्हणजे हायड्रोडायनॅमिक बेअरिंग वापरायचं, तर फट ५० मायक्रॉनच्या आसपास ठेवावी लागते. एरवी थरात रोटर उचलण्याइतका दाबच तयार होत नाही. रक्ताची चिकटपणाची किंमत ३.५ मिलिपास्कल-सेकंद धरली तर या फटीत शिअर स्ट्रेस, म्हणजे रक्ताचे थर एकमेकांवर सरकताना येणारा ताण, येतो ३५० पास्कल. फट ५०० मायक्रॉन करा, तोच आकडा ३५ वर उतरतो. लाल पेशी ८ मायक्रॉनची असते, म्हणजे दोन्ही फटींतून ती मावते. प्रश्न मावण्याचा नाहीच, ताणाचा आहे. आणि नुसत्या ताणाचाही नाही: १५० पास्कल बराच वेळ सोसावे लागले तर लाल पेशी फुटते, पण काही मिलिसेकंदांपुरती ती त्याहून कितीतरी जास्त सोसते. म्हणून ताण आणि त्यात घालवलेला वेळ, दोन्ही एकत्रच मोजायचे.

फट दहापट करायची तर रोटर धरून कोण ठेवणार? चुंबक. हार्टमेट ३ या एलव्हॅडमध्ये हेच केलंय: रोटर पूर्णपणे चुंबकांवर तरंगतो आणि फटी ०.५ ते १ मिमीच्या घरात आहेत. रुंद फटीतून जास्त दाबाच्या बाजूचं रक्त मागे इनलेटकडे गळतं, तिथे कार्यक्षमता गेली. पण ही गळतीच फट सतत धुऊन काढते. ती कमी करायला फट आवळू नका. रक्त साचतं तिथे गुठळी धरते, आणि फिरत्या रोटरमागे साचायला कोपरे भरपूर असतात.

तरी ३५ पास्कल म्हणजे सुटका नव्हे. व्हॉन विलेब्रांड फॅक्टर हे रक्त गोठायला मदत करणारं लांबलचक प्रथिन साधारण १० पास्कलच्या पुढेच उलगडायला लागतं. उलगडलं की रक्तातलं एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि त्याचे लांब रेणू कमी पडले की आतड्यातून रक्तस्राव होतो. लाल पेशी वाचवणारं डिझाइन हे प्रथिन पूर्ण वाचवेलच असं नाही. हिमोलिसिसची, म्हणजे लाल पेशी फुटण्याची, चाचणी उत्तम आली म्हणून खूश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. रक्तस्रावाची एक बाजू औषधांचीही आहे. हार्टमेट ३ च्या रुग्णांत ॲस्पिरिन वगळलं तर गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव घटला, असं २०२३ मध्ये एरीज चाचणीत दिसलं.

पृष्ठभागाबद्दल माझं मत ठाम आहे: एकतर आरशासारखं पॉलिश, नाहीतर टायटॅनियमचे बारीक गोळे सिंटर करून, म्हणजे न वितळवता तापवून जोडून, केलेला खरखरीत थर. गुळगुळीत पृष्ठभागावर काही धरत नाही. खरखरीत थरावर शरीर स्वतःचं पातळ अस्तर धरतं आणि ते टिकतं. या दोन्हींच्या मधला पृष्ठभाग सगळ्यात वाईट: गुठळी धरते, पण नीट रुजत नाही आणि सुटून मेंदूकडे जाते. दोन भागांच्या सांध्यात राहिलेली बारीकशी पायरीसुद्धा याच कारणाने चालत नाही.

सेंट्रिफ्युगल पंपात दाब-प्रवाहाचा आलेख सपाट असतो. दाब थोडा हलला की प्रवाह बराच हलतो. त्यामुळे हृदयाचे उरलेसुरले ठोके प्रवाहात उमटतात आणि जवनिका रिकामी होऊन तिची भिंत कॅन्युलावर, म्हणजे पंपात रक्त आणणाऱ्या नळीवर, ओढली जाण्याचा धोका कमी होतो. पण रुग्णाचा रक्तदाब चढला की प्रवाह झपकन पडतो. म्हणजे रक्तदाबाची गोळी हीसुद्धा या यंत्रणेचाच भाग धरायची.

बहुतेक पंपांत प्रवाह मोजणारा सेन्सर नसतो. मोटरची वीज आणि फेरे यांवरून प्रवाहाचा अंदाज काढतात, त्यात चिकटपणासाठी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, भरावा लागतो. रोटरवर गुठळी धरली की मोटर जास्त वीज ओढते आणि कंट्रोलर तिचा अर्थ जास्त प्रवाह असा लावतो. पडद्यावर प्रवाह वाढलेला, रुग्ण धापा टाकतोय. हे दोन्ही एकत्र दिसले तर पडद्यावर विश्वास ठेवू नये. एलडीएच हे एन्झाइम आणि प्लाझ्मातलं मोकळं हिमोग्लोबिन तपासावं, लाल पेशी फुटल्या की दोन्ही वाढतात.

बाकीच्या भानगडी पंपाबाहेरच्या. पंपापासून महाधमनीकडे जाणारा ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, जोडणीत फिरू शकत होता, त्याला पीळ बसून प्रवाह अडायचा. हार्टमेट ३ साठी २०१८ मध्ये याबद्दल सूचना निघाली आणि पुढे तो फिरू न देणारी क्लिप आली. ग्राफ्टला घडी पडू नये म्हणून त्यावर घातलेल्या आवरणाच्या आत हळूहळू पदार्थ साचून ग्राफ्ट बाहेरून दाबला जातो, हेही नंतर कळलं. एक संरक्षक भाग वाढवला की एक नवी बंद जागा तयार होते. चित्रावर ती दिसत नाही.

चाचणीसाठी आधी पाणी-ग्लिसरीनचं मिश्रण, वजनाने साधारण ४० टक्के ग्लिसरीन. त्यावर आलेख काढायचे. मग जनावराचं रक्त: ४५० मिलीलिटर, ३७ अंश, मिनिटाला ५ लिटर, १०० मिमी पारा, सहा तास, आणि मोकळं हिमोग्लोबिन किती वाढलं ते बघायचं. तुलनेसाठी त्याच दिवशी, त्याच रक्तावर जुना पंप चालवा. दोन जनावरांच्या रक्तात फरक इतका असतो की वेगळ्या दिवसांचे आकडे शेजारी मांडणं व्यर्थ. संगणकावरचं हिमोलिसिसचं गणित दोन डिझाइनांतलं बरं कोणतं हे सांगायला ठीक. त्याचा नुसता आकडा खरा मानू नये.

उरली वीज. पंपाला वीज देणारी, पोटातून बाहेर येणारी तार, म्हणजे ड्राइव्हलाइन, हा जंतूंचा कायमचा दरवाजा. तिच्यावरचं मखमली आवरण त्वचेच्या आतच संपवायचं आणि बाहेर फक्त गुळगुळीत सिलिकॉन ठेवायचं. ही युक्ती साधी आहे, आणि उपयोगी. पंपात झडप नसते, त्यामुळे तो थांबला तर महाधमनीतलं रक्त उलटं जवनिकेत येतं. म्हणून दोन बॅटऱ्या, बदलताना एका वेळी एकच, आणि कंट्रोलरच्या पोटात काही मिनिटांपुरती तिसरी. तारच नको म्हणून त्वचेपार कॉइलने वीज देण्याचा मार्ग २००१ मध्ये ॲबिओकॉर या संपूर्ण कृत्रिम हृदयात वापरला गेला. त्याची अडचण उष्णतेची: बाहेरची कॉइल थोडी सरकली की जोडणी ढिली होते, तेवढीच वीज पोचवायला कॉइलमधला विजेचा प्रवाह वाढवावा लागतो आणि उष्णता वाढते. शरीरातल्या यंत्राचा पृष्ठभाग भोवतालच्या ऊतींपेक्षा २ अंशांहून जास्त गरम होऊ द्यायचा नाही, असा मानकांचा दंडक आहे. आतली बॅटरी चार्ज होत असताना आणि पंपही चालू असताना, कॉइल सरकलेली ठेवून, तो पाळला जातो का हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.