घोडीचा डावा पाय अन् आमचे दोन महिने

अण्णांची तट्टाची घोडी हाय, चांदणी. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर चांद, मागचा डावा पाय पांढरा. हा पाय ध्यानात ठेवा, सगळं रामायण तिथंच झालं.

माळेगावच्या यात्रेला न्यायची होती. दवाखान्यात म्हणले ग्लँडर्सचा, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गाच्या रोगाचा, रिपोर्ट काढून घ्या. ते बरोबरच हाय, तो रोग माणसालाही होतो, अन् पॉझिटिव्ह आलं तर २००९ च्या कायद्यानं जनावर मारावंच लागतं. तपासणी हरियाणात, हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात. मानेच्या शिरेतून रक्त काढायला पाच मिनिटं लागली, घोडीनं कानसुद्धा हलवला नाही.

मग फॉर्म. त्याच्यावर घोड्याचं चित्र असतंय, पांढरे डाग, केसांचे भोवरे सगळं भरायचं, कारण घोड्याची ओळख त्याच्यावरच. भरणारे साहेब घोडीच्या तोंडासमोर खुर्ची टाकून बसले अन् बसल्या जागेवरून लिहिलं, 'मागील उजवा पाय पांढरा'. त्यांच्या उजव्या अंगाला दिसला म्हणून उजवा! मी चहा सांगायला गेलतो, आल्यावर न वाचता सही केली. ती चूक माझी.

पुढं नऊ दिवस ते रक्त फ्रिजमध्येच, का तर अजून दोन-चार घोडी येऊ द्या, एकदम पाठवू. कसाबसा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. खुशीत प्रमाणपत्राला गेलो तर खुर्चीत दुसरेच साहेब. ते उठले, घोडीभोवती चक्कर मारली अन् म्हणले, "ही घोडी ती नव्हं."

"साहेब, घरात एकच घोडी हाय."

"मग दुसऱ्याच्या घोडीचं रक्त दिलं नसंल कशावरून?"

दुरुस्तीचं पत्र मागितलं तर पहिले साहेब रजेवर, ते आले तर शिक्का कपाटात अन् चावीवाला मीटिंगला. चार खेपा झाल्या. अण्णा म्हणले, आता डावा पाय काळा करू अन् उजव्याला चुना लावू. शेवटी परत रक्त दिलं, या टायमाला मी घोडीच्या शेपटाकडं उभा राहून एकेक पाय बोलून लिहून घेतला. तुम्हीही तसंच करा, अन् फॉर्मसोबत चारी बाजूचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

या भानगडीत घोडी ठाणावर उभी, फिरवणं बंद, अन् अण्णांनी यात्रेची म्हणून चंदी वाढवली, रोज दोन किलो भिजवलेला हरभरा. एका रात्री लोळायला लागली, सारखी कुशीकडं मान वळवून बघायली. घोड्याला उलटी होत नाही, पोटातलं वर येऊ शकत नाही, त्याच्यामुळं पोटदुखीत सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं. घोडं उभं असलं तर चंदी कमी अन् कडबा जास्त, नाहीतर पोट वाचलं तरी खुरं धरतात, म्हणजे आतून सुजून घोडं लंगडतं.

दुसरा रिपोर्ट यात्रा सुरू झाली त्या दिवशी आला. रात्रीच टेम्पो केला. खुरं लय वाढली होती, सहा-आठ आठवड्याला छाटायची असतात, या नादात राहूनच गेलं, ती माळेगावातच नालबंदाकडून छाटून घेतली. चांदणीनं मात्र मागचा डावा पाय काय उचलू दिला नाही.