एवढ्याशा जिवाला गोळ्या कशाला?

"५ किलोचं कुत्रं ते, त्याला कसल्या मनाच्या गोळ्या देता? चार दिवस रडू दे, होईल सवय." भेटेल तो हेच म्हणतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते.

रडू देऊन पाहिलंय. मीच पाहिलंय, आणि तुमच्याहून जास्त खात्रीने.

त्या दिवशी ठमीला एकटीला ठेवून ३ तास बाहेर गेले. ती किती वेळात गप्प होते ते कळावं म्हणून जुना फोन कपाटावर रेकॉर्डिंगला लावला होता. परत आले, तर दार ढकललं जाईना. आतून ती दाराला चिकटून पडली होती. चौकटीचा खालचा कोपरा कुरतडलेला, फरशीवर लाळेचं थारोळं, पुढच्या पायाचं एक नख मुळापासून उपटलेलं. दारावर वीत-दीड वीत उंचीपर्यंत रक्ताचे बारीक ओरखडे होते. त्याच्या वर तिचा पंजा पोचतच नाही. रात्री रेकॉर्डिंग लावलं. कुलूप लावल्यापासून चौथ्या मिनिटाला तिने रडायला सुरुवात केली होती. तासाभराने आवाज बसला, मग नुसती धाप. पुढचं मला ऐकवलं नाही.

तिच्या आवडीचा खाऊ वाटीत तसाच होता. हट्टाने रडणारं कुत्रं खाऊ सोडत नाही हो. ती घाबरली होती, जीव जाईल इतकी.

गोळी क्लोमिप्रामीनची आहे, डॉक्टरांनी दिलेली. कुत्र्यांच्या याच त्रासासाठी, म्हणजे एकटं राहण्याच्या भीतीसाठी, अमेरिकेत १९९८ मध्ये तिला मान्यता मिळाली, म्हणजे हे माझं खूळ नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि नुसत्या गोळीने भागत नाही, एकटं राहायची सवयही हळूहळू लावावी लागते. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. चपला घालून स्वयंपाकघरात जायचं. मग दाराबाहेर ५ सेकंद, मग १०. तिचा धीर सुटायच्या आत परत यायचं. महिनोन्‌महिने हेच चाललंय. लग्नं चुकली, माणसं दुखावली, मान्य आहे.

"तुम्हीच लाडावून ठेवलंय" हेही ऐकते. लाडाने हे होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण ती आली तेव्हा मी दिवसभर घरीच असायचे, आणि एकटं राहायला तिला कधी शिकवलंच नाही, हे मला टोचतं. शिकवलं असतं तर टळलं असतं? कधी वाटतं हो, कधी वाटतं ही भीती ती घेऊनच आली होती.

४० मिनिटांपर्यंत पोचलो होतो. गेल्या आठवड्यात ती एकटी असताना शेजारचं दार धाडकन आपटलं आणि आम्ही पुन्हा १० वर आलो. गोळ्या कधी बंद होणार, हे डॉक्टरांना मीही विचारते. आज किल्ल्या उचलल्या तेव्हा तिने कान टवकारले, माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटी परत पंजांवर टेकली. मी १२ मिनिटं जिन्यात बसून होते, फोनवर तिला बघत.