कानाझावातील ‘राइतो’ आणि सांगलीचा ‘वेस्ट’

जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्याच महिन्यात मी सांगलीतील माध्यमिक शाळेची सहा वर्षांची नोकरी सोडून इशिकावा प्रांतातील कानाझावा शहरात, एका प्राथमिक शाळेत साहाय्यक इंग्रजी शिक्षिका म्हणून रुजू झाले. बिऱ्हाड थाटल्यापासून १४ दिवसांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. ते काम एका सकाळीत उरकले. गल्लीत रुळायला मात्र बराच वेळ लागला.

सुरुवात कचऱ्यापासून झाली. या शहरात २०१८ पासून जाळण्याजोगा कचरा विकत घेतलेल्या ठरावीक पिशव्यांतूनच द्यावा लागतो, आणि प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार वेगळा असतो. पहिल्याच आठवड्यात मी प्लास्टिकच्या वेष्टनांची पिशवी भलत्याच दिवशी ठेवली. संध्याकाळी ती सूचनेच्या चिठ्ठीसह जागेवरच होती, आणि मला अतिशय संकोच वाटला. शेजारच्या आजींनी ते पाहिले असावे. दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्याचे वेळापत्रक घेऊन दारात आल्या, एकेका चौकोनावर बोट ठेवून प्रत्येक शब्द दोनदा उच्चारला, आणि कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून टाकायची जाळी कशी उचलायची तेही दाखवले. निघताना आभाळाकडे पाहून त्यांनी इथली म्हण सांगितली: डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. जपान समुद्राच्या बाजूचे हे शहर पावसाचे आणि बर्फाचे आहे, त्यामुळे म्हणीचा प्रत्यय आठवडाभरातच आला.

शाळेत पाचवी-सहावीला २०२० पासून इंग्रजी हा रीतसर विषय आहे आणि त्याला वर्षाला ७० तास मिळतात, तिसरी-चौथीला ३५. वर्गशिक्षक आणि मी मिळून ४५ मिनिटांचा तास घेतो. मुलांची खरी अडचण व्याकरणाची नसून कानाची आहे. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत, त्यामुळे ‘लाइट’ आणि ‘राइट’ हे दोन्ही शब्द काताकाना लिपीत ‘राइतो’ असेच लिहिले जातात, आणि वर्षानुवर्षे तसेच वाचल्यावर ते एकच वाटू लागतात.

पहिलीच्या वर्गातील अक्षरांचा तक्ता पाहून मात्र मी थबकले. आ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या आणि संस्कृतच्या अभ्यासातून हा क्रम जपानीत आणला. ‘प’च्या जागी ‘हा’ दिसतो, कारण प्राचीन जपानीत तो उच्चार ‘प’च होता. घरापासून इतक्या दूर, मुलांच्या उंचीवर टांगलेल्या त्या तक्त्यात आपली वर्णमाला ओळखताना डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच नाही.

त्या ओळखीमुळे आपला कान तयार आहे, असे मी गृहीत धरले होते. सहावीत कपड्यांची आणि दिशांची नावे शिकवताना एका मुलीने हात वर केला आणि विचारले, ‘‘सेन्सेई, बनियन आणि पश्चिम हे एकच शब्द आहेत का?’’ माझ्या तोंडून दोन्ही वेळा ‘वेस्ट’ बाहेर पडले होते. देवनागरीतला एकच ‘व’ मी आयुष्यभर इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी वापरत आले, आणि सांगलीच्या मुलांनाही तेच शिकवले. ती चूक मला मनापासून लागली. त्या मुलीला मी सांगितले की तिचे ऐकणे बरोबर आहे. मग पंधरा दिवस आरशासमोर बसून, एका शब्दाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आणि दुसऱ्याला ओठ गोल करून, दोन्ही शब्द वेगळे केले. आता वर्गात आम्ही छोटे आरसे वापरतो. मुले ‘ल’साठी जिभेचे टोक दातांमागे टेकवतात, आणि माझ्या ओठांवर त्यांचे बारीक लक्ष असते.

गेल्या आठवड्यात आजींनी परसातली मुळ्याची जुडी दिली. मी पुस्तकातले ‘आरिगातो’ म्हटले. त्यांनी मान हलवली आणि कानाझावाच्या बोलीतला शब्द सांगितला: ‘आन्यातो’. मी म्हटला. त्यांनी थोडे पुढे वाकून ऐकले आणि पुन्हा म्हणायला लावला. चौथ्या वेळी त्यांचे समाधान झाले, तोवर पाऊस सुरू झाला होता आणि मुळे ओले झाले होते.