पंचवीस सेकंदांचा सराफा

पुण्याहून रात्रीच्या बसने इंदूरला जाताना खलघाटला नर्मदा येते, तेव्हा बसमध्ये सगळे गाढ झोपलेले असतात. मी मात्र दर खेपेला जागी असते. लहानपणी बाबा हलवून उठवायचे आणि नदीत टाकायला हातात नाणं द्यायचे. आता बसच्या काचा उघडत नाहीत, म्हणून बसल्या जागेवरून हात जोडले. पुलावरच्या दिव्यांचे पट्टे खाली काळ्या पाण्यात लांबच लांब ओढल्यासारखे दिसत होते. रात्रीचे फोटो काढायचं वेड कुठून लागलं असं कुणी विचारलं, तर मी याच पुलाचं नाव सांगते.

आत्याचं घर रामबागेत. दार उघडताच तिची नजर माझ्या ट्रायपॉडवर. "अगं, हे तिकाटणं घेऊन तू रात्रभर फिरणार? एकटी?"

मी काही बोलायच्या आत काका आतून म्हणाले, "एकटी कशाला? मी आहे ना. मला तशी पण झोप कुठे येऊन राहिली आहे!" काकांचं वय ७४. इंदूरचं मराठी ते असं बोलतात, निम्मं हिंदीच्या वळणाचं, आणि मला ते फार गोड वाटतं.

मी गेले होते अनंत चतुर्दशीच्या झांक्यांसाठी. इंदुरात विसर्जनाच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात: हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. दिव्यांनी मढवलेले, हलत्या मूर्तींचे देखावे ट्रॉल्यांवरून जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा असे फिरतात. सोबत आखाडे, लाठ्या, पेटत्या बनेठ्या, म्हणजे टोकांना जाळ लावून गरगर फिरवायच्या काठ्या. शहर रात्र रस्त्यावरच काढतं. गिरण्या तर केव्हाच बंद पडल्या. हुकुमचंद मिलच्या कामगारांची अडकलेली देणी, २२४ कोटी रुपये, २०२३ च्या डिसेंबरात सुटली. तोवर गिरणीला टाळं लागून तीस वर्षं उलटली होती आणि हक्काचा पैसा हातात घ्यायला कितीतरी जण उरले नव्हते. झांकी मात्र कामगारांनी सोडली नाही.

काकांचे वडील मालवा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. झांकीच्या आधी महिनाभर ते पाळी संपल्यावरही गिरणीतच थांबायचे, बांबू आणि कागदाचे हत्ती करायला. "घरी यायचे तेव्हा हाताला खळीचा वास," काका म्हणाले. मालवा मिलची झांकी समोर आली तसे ते गप्प झाले आणि रस्त्याच्या कडेला चपला काढून उभे राहिले. तो फोटो मी काढला नाही.

संध्याकाळी सर येऊन गेली होती. रस्ता ओला असला की रात्रीच्या फोटोग्राफरला दुप्पट उजेड मिळतो, एक वरचा आणि एक खालचा. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या फोटोग्राफरने १८९७-९८ च्या सुमारास पावसात नि बर्फात कॅमेरा बाहेर नेला तो यासाठीच. त्यातला गोठलेल्या रात्रीचा एक फोटो त्याने न्यूमोनियातून पुरता बरा झालेला नसताना काढला होता. आजारपणात अंथरूण सोडून बाहेर पडणाऱ्या त्या माणसाची तडफड मला कळते. जेल रोडवर शटर एक सेकंद उघडं ठेवलं की बनेठीचं अखंड कंकण होतं आणि ते खालच्या पाण्यातही उमटतं. फोटो चांगले आले. पण ज्या फोटोंसाठी हे लिहिते आहे, ते दुसऱ्या रात्रीचे.

दुसऱ्या रात्री भाद्रपदातली पौर्णिमा. ढग होते, तरी त्यांच्या पाठीमागे चंद्र असल्यामुळे आभाळ राखाडी उजळलेलं. राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ आम्ही तिकाटणं उभं केलं. राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. तो तीनदा जळला, शेवटचा १९८४ साली. ती आग काकांनी पाहिलेली. "त्या रात्री फोटो काढायला कोणाचा हात उठला असता?" एवढंच बोलले.

याच शहरात पुढे नामवंत फोटोग्राफर झालेले लाला दीनदयाळ कॅमेरा शिकले, हे मला इंदूरला येऊन दर वेळी आठवतं. १८६६ साली ते इथे बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळले. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असेतो फोटो घ्यायचा आणि तेवढ्यातच धुवायचाही. हाताशी दहा-पंधरा मिनिटं. चंद्राच्या किंवा मशालीच्या उजेडात काचेवर चित्र उमटायच्या आत ती वाळून जाणार, म्हणजे तेव्हाच्या फोटोग्राफरला रात्र जवळजवळ बंदच होती. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची युक्ती मांडली, पुढच्या दहा वर्षांत ती बाजारात आली, आणि मग कुठे माणूस शटर उघडून अंधारात वाट बघत उभा राहू शकला. राजवाड्यासमोर मी तीस सेकंद शटर उघडं ठेवते, तेव्हा ही सवलत मला किती उशिरा आणि किती जणांच्या खटपटीतून मिळाली आहे, याची जाणीव मनात असते.

तिथून सराफा दोन पावलांवर. दिवसा सोन्याचांदीचा बाजार, आणि दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांपुढे खाण्याचा. असं सांगतात की रात्री माणसांची जाग राहिली तर दुकानं सुरक्षित राहतात, म्हणून सराफांनीच या ठेल्यांना जागा दिली. रात्री एक वाजता इथे लेकुरवाळ्या बायका, आजीआजोबा, सगळं घर आलेलं असतं. बाई म्हणून कॅमेरा घेऊन मी कितीतरी शहरांत रात्री फिरले आहे, सतत पाठीमागे बघत. सराफ्यात मी पाठीमागे बघत नाही. ही गोष्ट मला इथल्या कुठल्याही पदार्थापेक्षा मोठी वाटते.

काकांनी भुट्ट्याच्या किसाचा द्रोण घेतला आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले. मी समोर ट्रायपॉड लावला. आयएसओ १००, एफ ११, म्हणजे उजेड थोडाथोडाच आत येणार, आणि शटर उघडं पंचवीस सेकंद.

माझ्या रिमोटची बॅटरी नेमकी तेव्हाच गेली, म्हणजे आता बटण दाबून धरायचं आणि सेकंद मोजायचे. काका म्हणाले, "मी मोजतो," आणि खिशातून जपाची माळ काढली. एका सेकंदाला एक मणी. "पंचवीस झाले, कर बंद." ब्रासाई हा फोटोग्राफर १९३०च्या आसपास पॅरिसच्या गल्ल्यांतून रात्रीचे फोटो घ्यायचा, तेव्हा सिगारेटवर वेळ मोजायचा. थोडा उजेड असला तर एक ब्रँड, जास्त अंधार असला तर जाड, सावकाश जळणारा दुसरा. काकांना हे सांगितलं. ते मनापासून खूश झाले. म्हणाले, "चला, आपली माळ तब्येतीला बरी."

पहिला फोटो पडद्यावर उमटला आणि काका वाकून बघतच राहिले. समोरून निदान शंभर माणसं गेली होती. फोटोत एकही नव्हतं. गर्दीच्या जागी कमरेएवढं विरळ धुकं, कढईच्या वाफेची एक सलग चादर, आणि मागे ओट्यावर काका, धोतराच्या चुणीसकट स्वच्छ. चालणारा माणूस एका जागी अर्धा सेकंदही नसतो, तेवढ्या उजेडात त्याचं चित्र धरत नाही. बसून राहिलेल्याचं धरतं. काकांचा फक्त उजव्या हाताचा अंगठा पुसटला होता. मणी ओढणारा.

"म्हणजे हे सगळे आले नि गेले, आणि मी एकटा बसून राहिलो," काका म्हणाले. आवाजात खंत नव्हती. त्यांनी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला.

दोननंतर ठेले आवरले. भांडी घासल्याचे आवाज, मग तेही थांबले. ओट्यांवर काही जण झोपले. ध्रुव मल्होत्रा या फोटोग्राफरने उघड्यावर झोपलेल्या माणसांचे रात्रीचे फोटो लांब एक्स्पोजरने काढले आहेत, फार हळुवार फोटो. मला ते आवडतात, पण मला स्वतःला तसं करवत नाही. झोपलेल्या माणसाला हो की नाही विचारता येत नाही. मी कॅमेरा दुसरीकडे वळवला.

साडेतीनच्या सुमारास गल्लीच्या टोकाला एक माणूस उकिडवा बसलेला दिसला. हातात मऊ केसांचा कुंचा, शेजारी लोखंडी घमेलं आणि पत्र्याचा डबा. दुकानाच्या उंबऱ्याखालची फट, पायरीचा कोपरा, गटाराची कड तो इतक्या निगुतीने झाडत होता की मला आधी कळेना. काकांनी सांगितलं, झारेकरी. सोनाराच्या दुकानातून उडालेला, चपलांना चिकटून बाहेर आलेला सोन्याचा कण या धुळीत असतो. ती गोळा करायची, पाण्यात धुवायची, उरलेल्यातून सोनं काढायचं.

मी फोटोचं विचारलं. त्याने मान हलवली, पण हात थांबवला नाही. "दीदी, गाड़ी आने से पहले निपटाना पड़ता है." गाडी म्हणजे महापालिकेची, रस्ते झाडणारी. २०१७ पासून इंदूर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून गाजतं आहे, त्यातली बरीचशी झाडलोट रात्रीच होते. त्याची धूळ आणि पालिकेची धूळ एकच. जो आधी पोचेल त्याची. शिवाय आता पितृपक्ष लागलेला, या दिवसांत लोक सोनं घेत नाहीत. "अब पंद्रह दिन सूखा," तो म्हणाला.

बारीक भुरभुर सुरू झाली. काका माझ्यावर छत्री धरून माळ ओढत होते. उजेड एकाच पिवळ्या बल्बचा, दुकानाच्या पाटीवर लटकलेला. पंचवीस सेकंद. मी कॅमेरा उचलून त्याच्याजवळ नेला. पाठीचा बाक, मुंडासं, घमेल्याचा काठ, सगळं जसंच्या तसं. कुंच्याच्या जागी फक्त फिकट पंखा, आणि मनगटापुढे काहीच नाही.

"मेरा हाथ कहाँ गया?"

"वही काम कर रहा था," काका म्हणाले, आणि आपला पुसटलेला अंगठा असलेला फोटो मला त्याला दाखवायला लावला. दोघं खांद्याला खांदा लावून पडद्यात वाकले. झारेकऱ्याने बोट न लावता, लांबूनच, दोन्ही फोटोंकडे पाहिलं. मग कान टवकारले. राजवाड्याच्या बाजूने गाडीचा घरघराट येत होता. त्याने घमेलं डब्यात रिकामं केलं, काठावर दोनदा थोपटलं, कुंचा काखेत मारला आणि बोळात शिरला.

तो बसला होता तेवढीच फरशी कोरडी राहिली होती, दोन पावलांच्या मापाची. बाकी गल्ली ओली चकचकीत. मी घाईने कॅमेरा त्या जागेवर लावला आणि बटण दाबलं. काका मोजू लागले. गाडीचे दिवे वळणावर आले, तेव्हा मी काळी टोपी लेन्ससमोर धरली, झोत भिंतीवरून सरकून गेल्यावर काढली. मणी चालू होते. भुरभुर चालू होती. विसाव्या मण्यापर्यंत फरशीवर कोरडी कड ओळखू येत होती.